कपाटातली ‘शाळा’ एकदाची वाचली



काही पुस्तकांचं इतकं कौतुक होतं की ती न वाचताच वाचल्यासारखी वाटायला लागतात. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी तशी आहे. २००४ साली मौज प्रकाशनाने ती काढली आणि पुढची कित्येक वर्षं, मराठी वाचणाऱ्या कुणालाही भेटा, “शाळा वाचलीस का?” हा प्रश्न ठरलेला. तिच्यावर नाटक आलं. जानेवारी २०१२ मध्ये सुजय डहाके यांचा सिनेमा आला, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर ही दोन मुलं तर घराघरांत पोचली. आपल्यापैकी कितीतरी जणींनी तो सिनेमा टीव्हीवर पाहिला असेल, पोळ्या लाटता लाटता, आणि मनाशी म्हटलं असेल, कळली की गोष्ट, आता पुस्तक कशाला!

आमच्याकडेही तिची एक प्रत शोकेसमध्ये बरीच वर्षं उभी होती. एका बाजूला घरगुती औषधांचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी लग्नात मिळालेला काचेचा हंस. श्रुतपंचमीला मंदिरातल्या ग्रंथांची वेष्टनं बदलून झाल्यावर मी घरचीही पुस्तकं पुसायला काढते. यंदा ‘शाळा’ पुसली आणि परत आत ठेवली नाही. एक कारण असं की यंदा घरात नववीतली मुलगी आहे. पुस्तकातली मुलंही नववीत आहेत.

वाचून झालं. आता माझं मत सांगते. हे पुस्तक आपल्या बायकांनी वाचायला हवं, आणि ज्या कारणासाठी त्याचं कौतुक होतं त्या कारणासाठी नाही.

कौतुक कशाचं होतं? पहिल्या प्रेमाचं. बाकावरून चोरून बघणं, वर्गाबाहेरच्या गप्पा, ते दिवस, ती हुरहुर. पुरुषमंडळी तर या पुस्तकाबद्दल बोलताना पन्नाशीतही पंधरा वर्षांची होतात. तेवढंच असतं तर मी तुम्हाला सांगायला आले नसते. हुरहुर वाचायला आपल्याला सवड नाही.

गोष्ट आणीबाणीच्या दिवसांतली आहे, म्हणजे १९७५ ते ७७ च्या मधली. मुकुंद जोशी नावाचा नववीतला मुलगा स्वतःच सगळं सांगतो. सुऱ्या, चित्र्या, फावड्या हे त्याचे मित्र. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत त्यांचा अड्डा. कोण कुणाला ‘लाइन’ देते, कोणत्या सरांचं काय चाललंय, हे सगळं तिथे बोललं जातं. मुकुंदाला वर्गातली शिरोडकर आवडते. पोरं मुलींना आडनावानेच ओळखतात, त्यामुळे ती पुस्तकभर शिरोडकरच आहे. मुकुंदाचं सगळं लक्ष तिच्याकडे असतं, पण प्रत्यक्षात घडतं फार थोडं. चार शब्दांची देवाणघेवाण व्हायला पानंच्या पानं जातात. पुढे मित्राचं प्रकरण शाळेपर्यंत पोचतं, मोठी माणसं मध्ये पडतात, आणि शेवटी शिरोडकर ते गाव सोडून निघून जाते. मुकुंदाची नववी संपते. संपतं पुस्तक.

बोकील हे समाजाचा अभ्यास करणारे लेखक आहेत. कातकऱ्यांवर त्यांनी लिहिलंय, मेंढा गावाची गोष्ट त्यांनी लिहिलीय. त्यामुळे असेल कदाचित, पण या कादंबरीत मला प्रेमापेक्षा मोठ्या माणसांचं वागणं जास्त नीट दिसलं. शाळेत शिक्षक आहेत, घरी आईवडील आहेत, मोठी बहीण आहे. सगळे तशी बरी माणसं. खायला घालतात, अभ्यासाला बसवतात, मार्क विचारतात. पण मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकायला बसणारा माणूस एकच, तो म्हणजे नरूमामा. मुकुंदाशी तो बरोबरीने बोलतो. उपदेशाचा डोस पाजत नाही, चेष्टा करतो, पण मुलाचं म्हणणं त्याला खरं वाटतं. मुकुंद इतक्या सगळ्यातून बराचसा धड बाहेर येतो याचं बरंचसं श्रेय मी त्या मामाला देते.

मग मला प्रश्न पडला तो शिरोडकरचा. तिला कोण होतं?

पुस्तकात याचं उत्तर नाही, कारण सांगणारा मुकुंद आहे आणि त्याला ते माहीत नाही. शिरोडकरच्या घरात काय झालं, तिला कुणी काय विचारलं, कशी विचारलं, रात्री ती जेवली का, हे आपल्याला कळतच नाही. ती फक्त एक दिवस नसते.

आमच्या सासूबाईंना दिसायला कमी झालंय, म्हणून संध्याकाळी मी त्यांना थोडं थोडं वाचून दाखवत होते. आधी पद्मपुराण व्हायचं, ते झालं की “ती तुझी पोरांची गोष्ट वाच आता.” पोरांच्या थापा ऐकून त्या हसायच्या. शेवटची पानं झाल्यावर मात्र गप्प बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “अगं, पण त्या पोरीला कुणी विचारलंच नाही का?”

मी म्हटलं, “आई, पुस्तकात तरी नाही.”

“पुस्तकात कशाला,” त्या म्हणाल्या, “आपल्याकडे तरी कोण विचारतं?”

सातवीपर्यंत शिकलेली बाई. समीक्षा बिमीक्षा तिने कधी वाचलेली नाही. पण या कादंबरीवर इतकं लिहून आलं, त्यात हा प्रश्न माझ्या तरी वाचनात आला नव्हता.

आता आपल्याकडचं बोलू. नावगाव सांगणार नाही, ओळखीच्याच एका घरातली गोष्ट. मुलगी दहावीत. गावातून बारामतीला एस.टी.ने क्लासला जायची. वहीत चिठ्ठी सापडली. चिठ्ठी कुणा मुलाने तिला लिहिलेली, तिने कुणाला लिहिलेली नाही. चिठ्ठीत तरी काय, तर अक्षर छान आहे तुझं, एवढंच. पण त्या दिवसापासून क्लास बंद. फोन काढून घेतला. शाळेत सोडायला आणि आणायला काका. आईने एकच प्रश्न विचारला म्हणे, “कोण आहे तो?” दुसरा प्रश्न नाहीच. तुला भीती वाटली का, तू ती चिठ्ठी ठेवलीस की फाडायची राहिली, तुला तो त्रास देतो का, काही नाही. वर्षभर ती मुलगी घरात कैद्यासारखी राहिली आणि दहावीला ज्या विषयात ती हुशार होती त्यातच कमी पडली. मग सगळे म्हणाले, बघा, तिचं लक्षच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, काळजी वाटते म्हणून करतात. वाटतेच. रस्त्यावर मोटारसायकलवाली पोरं उभी असतात, फोनवर कोण कुठून बोलतं कळत नाही, आपला समाज लहान, निरा ते इंदापूर आणि इकडे फलटण-नातेपुत्यापर्यंत प्रत्येक घर प्रत्येक घराला ओळखतं. एक शब्द बाहेर गेला की पाच वर्षांनी स्थळ बघताना तो परत येतो. ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण भीती आपली, आणि शिक्षा तिला, हे मला पटत नाही. मुलीला काही सांगायचं असेल तर ती सांगणार कुणाला? मैत्रिणीला. मैत्रीण तिच्याएवढीच. म्हणजे त्या अर्धवट इमारतीतला अड्डाच झाला की तो. फक्त आता तो फोनमध्ये आहे.

मुलांना मामा असतो. मुलीला एक मावशी, एक आत्या, एक काकू हवी, जिच्यापुढे बोललेलं लगेच आईवडिलांपर्यंत जात नाही आणि जी ऐकता ऐकता तोंड वाकडं करत नाही. ती आपोआप तयार होत नाही. आपल्यापैकीच कुणाला तरी ती व्हावं लागेल, आणि त्यासाठी मुली काय वाचतात, काय बघतात, त्यांच्यात कोणते शब्द चालतात, हे ठाऊक असावं लागेल. ‘शाळा’ वाचायला मी सांगते ती यासाठी.

आता मला माहीत आहे पुढचा आक्षेप कोणता येणार. स्वाध्याय मंडळातल्या एका काकूंनी तो माझ्या तोंडावर सांगितलाच. “ही विकथा आहे. असलं वाचून कर्मबंध वाढायचा. वेळ आहे तर श्रावकाचार वाच.”

काकूंचा मान राखून सांगते. विकथा टाळावी हे खरंच. स्त्रीकथा, भोजनकथा, राजकथा, आत्म्याला विसरायला लावणारं बोलणं. पण मग आपल्या व्हॉट्सअपच्या गटात दिवसभर ढोकळ्याच्या आणि बिनकांद्याच्या मिसळीच्या कृती फिरतात ती भोजनकथाच की. रात्री टीव्हीवर चार माणसं आरडाओरडा करत राजकारण बोलतात ती राजकथा. त्यावर कुणी बोट ठेवत नाही. बोट फक्त पुस्तकावर, आणि तेही बाईच्या हातातल्या.

शिवाय आपल्याच शास्त्रांची मांडणी बघा. चार अनुयोग: प्रथमानुयोग, करणानुयोग, चरणानुयोग, द्रव्यानुयोग. त्यात प्रथमानुयोग म्हणजे कथा, पुराणं, चरित्रं. आचार्यांना माहीत होतं, माणसाला आधी गोष्ट कळते. नियम आणि तत्त्व त्याच्या मागून.

आता पद्मपुराणातली अंजना आठवा. रविषेण आचार्यांचं पद्मपुराण तेराशे वर्षांपूर्वीचं, आपल्याकडे चातुर्मासात ते हमखास वाचलं जातं. लग्नाआधी पवनंजय अंजनेला बघायला चोरून जातो. तिथे तिची सखी दुसऱ्याच राजपुत्राचं कौतुक करते आणि अंजना गप्प बसते. एवढ्यावरून त्याच्या मनात राग बसतो. लग्न करतो, आणि बावीस वर्षं तिच्याकडे ढुंकून बघत नाही. तिचा गुन्हा काय, तर ती बोलली नाही. पुढे युद्धावर जाताना त्याला उपरती होते, गुपचूप रात्री परत येतो, आणि निघून जातो. अंजनेला दिवस जातात. सासू केतुमती विचारते का काही? अंजना खूण दाखवते, सांगते, तरी घराबाहेर काढते. माहेरी जाते तर वडील राजा महेंद्र दार उघडत नाहीत. लोक काय म्हणतील! सखी वसंतमाला तेवढी बरोबर राहते. रानातल्या गुहेत मूल जन्माला येतं, तो हनुमान. आणि शेवटी अंजनेला आपल्या घरी कोण नेतं? तिचा मामा, प्रतिसूर्य.

हे प्रवचनात ऐकताना आपण सगळ्या डोळ्यांना पदर लावतो. केतुमतीचा राग येतो. “एकदा नीट ऐकून तरी घ्यायचं होतं हिचं,” असं म्हणत आपण बाहेर पडतो, चपला घालतो, घरी येतो, आणि मुलीचा फोन तपासतो.

‘शाळा’ला मी पद्मपुराणाच्या पाटावर बसवत नाहीये, गैरसमज नको. शास्त्र ते शास्त्र. पण शास्त्रातली अंजना जर आपल्याला खरी कळली असेल, तर नववीतली शिरोडकर कळायला जड जाऊ नये. आणि ती कळत नसेल तर अंजनेसाठी आपण रडलो ते कशासाठी?

काकूंनी यावर उत्तर दिलं नाही, पण पुस्तक किती पानांचं आहे ते विचारलं. मी त्याला निम्मा होकार समजते.

पुस्तकात मला न आवडलेलंही आहे, ते लपवत नाही. पोरांच्या तोंडची भाषा पोरांचीच आहे, शिव्या आहेत, मुलींबद्दल ज्या तऱ्हेने बोलणं चालतं ते मोठ्याने वाचताना मी दोनतीनदा अडखळले आणि सासूबाईंपुढे ओळी गाळल्या. (त्यांच्या लक्षात आलं. “काय गं, पान उलटलंस ते?”) पण विचार केल्यावर वाटलं, आपल्या मुलींना हे ठाऊक असायला हवंच. मुलं मुलींबद्दल आपसात कशी बोलतात हे आपल्या मुलीला रस्त्यावर कळण्यापेक्षा पुस्तकातून, शेजारी आई बसलेली असताना कळलेलं बरं. आणि ज्यांच्या घरात मुलगे आहेत त्यांनी तर ती पानं गाळूच नयेत. आपला बाळ तसं बोलत नाही, असं प्रत्येक आईला वाटतं. मुकुंदाच्या आईलाही तसंच वाटत असणार.

दुसरं म्हणजे पुस्तक थोडं लांबतं. मधे काही ठिकाणी वर्गातल्या खोड्यांचा कंटाळा येतो. आणीबाणीचे संदर्भ मुलीला समजावून सांगावे लागले, तेव्हा लक्षात आलं की मलाही ते धड सांगता येत नाहीत. शेवटी तिच्या पप्पांनी सांगितलं, त्यांनाही त्यांच्या वडिलांकडून ऐकून माहीत. एका कादंबरीमुळे जेवताना आमच्याकडे तीन दिवस इंदिरा गांधींवर चर्चा चालली. राजकथाच म्हणा हवं तर.

आणि सगळ्यात मोठी उणीव तीच, मुलीचा आवाज नाही. ज्यांना तो हवा त्यांनी जोडीला ‘चौघीजणी’ वाचावी. लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन बाईंच्या कादंबरीचा शांता शेळके यांनी केलेला अनुवाद. चार बहिणी आणि त्यांची आई. मूळ पुस्तक १८६८-६९ चं, पण त्यातली आई मुलींशी जे बोलते ते आपल्याला अजून जमलेलं नाही. लहान मुलं घरात असतील तर प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ घ्या, त्यातला लंपन सगळ्यांनाच आवडेल, आजीलाही. मुलीला एकदम ‘शाळा’ द्यायची की आधी ‘चौघीजणी’, हे प्रत्येकीने आपापल्या घराप्रमाणे ठरवावं. माझं मत नववीनंतर ‘शाळा’ द्यावी, आणि आपण वाचून झाल्यावरच द्यावी. देऊन मोकळं होऊ नये. “बेटा, चांगलं पुस्तक आहे, वाच,” म्हणून हातात ठेवलं की झालं असं नाही.

आपल्या समाजातल्या बाईच्या हातात पुस्तक येणं ही सुद्धा फार जुनी गोष्ट नाही. मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या मुलीने, मगनबाईंनी, विधवा आणि निराधार बायकांसाठी श्राविकाश्रम काढला. सोलापूरला पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविका संस्था उभी केली, त्यांना पुढे पद्मश्री मिळाली. आपल्यातल्या किती घरांत अशी एखादी आजी किंवा पणजी असेल जी सोलापूरच्या श्राविकेत राहून शिकली. त्या बायकांनी मुलींना वाचायला शिकवलं ते फक्त स्तोत्रं म्हणण्यासाठी नाही. आपण जगात उभं राहावं, कुणी हातात कागद दिला तर तो आपल्याला वाचता यावा म्हणून. आता आपण पदवीधर आहोत, चष्मा लावून फोनवर दोन दोन तास वाचतो, आणि घरात असलेली कादंबरी काचेच्या हंसाला टेकून उभी.

पुस्तक नुसतं जपणं पुरेसं नसतं हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त माहीत असायला हवं? षट्खंडागमाची धवला टीका मूडबिद्रीला ताडपत्रांवर होती. शतकानुशतकं लोक तिचं फक्त दर्शन घेत. वेष्टन सोडायचं, नमस्कार करायचा, वेष्टन बांधायचं. माणिकचंद शेठजी आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांच्या खटपटीनंतर तिची नक्कल व्हायला लागली, आणि १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी पहिला भाग छापून काढला. पुढे एकूण १६ भाग झाले. हे सोपं झालं नाही. ग्रंथ बाहेर काढणं म्हणजे आशातना, असं मानणारेही होते. श्रुतपंचमीला आपण ज्या ज्ञानाची पूजा करतो ते आज आपल्याला वाचता येतं, कारण कुणीतरी नमस्काराच्या पुढे गेलं.

वेळेचं म्हणाल, तर आपल्याकडे तो इतरांपेक्षा जास्तच आहे. हसू नका. आपली जेवणं सूर्यास्ताआधी आटपतात. शेजारच्या घरी रात्री साडेनऊला ताटं वाढली जातात तेव्हा आपला ओटा पुसून दोन तास झालेले असतात. हे दोन तास जातात कुठे, ते प्रत्येकीने आपलं आपण बघावं. एका सामायिकाचा काळ ४८ मिनिटं. सामायिक सोडून नव्हे, त्यानंतरची आणखी ४८ मिनिटं घेतली तरी वीस पानं सहज होतात. पुस्तक सुमारे तीनशे पानांचं. पंधरवड्यात संपतं. आमच्याकडे मोठ्याने वाचायचं होतं म्हणून महिना लागला.

आमच्या मुलीने माझ्यानंतर ते वाचायला घेतलं. मी तिला विचारलं नाही काय वाटलं म्हणून. परीक्षा घेतल्यासारखं होतं ते. चार दिवसांनी भाजी निवडताना तीच म्हणाली, “मम्मी, शिरोडकर गेली तेव्हा तिच्या मैत्रिणींनी काय केलं असेल?” मग आम्ही गवार संपेपर्यंत त्यावर बोललो. तिच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव त्यात आलं, ते मी इथे लिहिणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही, तसं तिला कबूल केलंय. पण तिने सांगितलं. आपणहून.

परवा मंडळात हा विषय निघाला तेव्हा दोघीतिघी म्हणाल्या, आमच्याकडेही आहे ‘शाळा’, मुलाने आणली होती, माळ्यावर असेल. काढा. नसेल तर आमची प्रत सध्या सोमेश्वरनगरला एका ताईंकडे आहे, तिथून ती इंदापूरला माझ्या नणंदेकडे जाणार आहे, पर्युषणाच्या आत परत येईल असं ठरलंय. हवी असेल तर मंदिरात भेटल्यावर सांगा. तपकिरी कागदाचं कव्हर घातलंय. पानाचा कोपरा मात्र दुमडू नका, आत खुणेला लाल दोरा ठेवलाय.